मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही? आधी डबा हलवा, मग पैसे काढा

कर्वेनगरच्या एका ताईंनी विचारलंय: तिसऱ्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट आहे, नेट फायबरचं. राउटर मुख्य दारालगत चपलांच्या कपाटात आहे, कारण नेटवाल्याने वायर तिथून आत घेतली. हॉलमध्ये सगळं झकास चालतं. मागच्या बेडरूममध्ये मुलगा घरून काम करतो, तिथे मीटिंग चालू असताना चित्र थिजतं आणि आवाज तुटतो. शेजारच्या खोलीत सासूबाईंच्या फोनवर कीर्तन दोन मिनिटं चालतं, मग नुसतं गोल फिरत बसतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा ३०० केला, फरक शून्य. तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला सहा अँटेनांचा राउटर घ्या, नेटवाला म्हणाला बूस्टर लावा, मुलगा म्हणतो मेश (एकमेकांना जोडलेले दोन-तीन राउटर). यातलं नेमकं काय घ्यावं? आणि गुरुवारी लाइट गेली की नेटही जातं, त्यावर काही उपाय आहे का?

ताई, आज तरी काहीच घेऊ नका. तिघांनी सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी एखादी शेवटी लागेलही, पण कोणती ते तुमच्या घराच्या भिंती ठरवतील. त्या भिंती यातल्या कोणीच नीट पाहिलेल्या नाहीत. दुकानदाराने तर नाहीच नाही.

घरांत आणि लहान ऑफिसांत नेटवर्क लावून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. पेठेतल्या वाड्यापासून हिंजवडीच्या टॉवरपर्यंत तक्रार एकच असते, 'नेट स्लो आहे'. आणि बहुतेक वेळा नेट स्लो नसतंच, डबा, म्हणजे राउटर, चुकीच्या जागी असतो.

प्लॅन वाढवून फरक का पडला नाही, ते आधी सांगतो. प्लॅनचा आकडा नेटवाल्याच्या यंत्रापासून तुमच्या दाराजवळच्या डब्यापर्यंतचा. तिथून मुलाच्या लॅपटॉपपर्यंतचा प्रवास हवेतून आणि भिंतींतून होतो, त्याच्याशी प्लॅनचा संबंध नाही. शिवाय लागतं तरी किती? नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस सुचवतं. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले, आणि सासूबाईंच्या कीर्तनाला त्याहूनही कमी. म्हणजे तुमच्या घराला १०० चा प्लॅनच उरून पुरत होता. पुढच्या महिन्यात तो परत खाली आणलात तरी कोणाला कळणार नाही. जाता जाता, हे आकडे बिटमध्ये असतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, त्यामुळे आठने भागायचं: १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात. दीड जीबीचा सिनेमा दोन मिनिटांत. 'शंभरचा प्लॅन घेतला आणि बाराच दिसतात, फसवलं' ही तक्रार घेऊन नेटवाल्याशी भांडणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगून ठेवलं.

तपासणीची सुरुवात वायरने करा. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट डब्याला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. ३०० च्या जवळपास आकडा आला तर नेटवाला निर्दोष. पण आकडा ९०-९५ वर येऊन अडला तर थांबा, हा ओळखीचा आकडा आहे. जुन्या किंवा स्वस्त डब्याचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच निघतं. पोर्ट गिगाबिटचं (म्हणजे १००० एमबीपीएसचं) असूनही ९४ येत असतील तर वायर बघा. वायरीत आठ तारा असतात. १०० ला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नाही की दोन्ही यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात, कुठेही लाल दिवा लागत नाही, कोणाला काही कळत नाही. ३०० चे पैसे भरून वर्षानुवर्षं ९४ वापरणारी घरं पुण्यात किती असतील याचा मी विचारच करत नाही.

वायरीवर आकडा ठीक, आणि मागच्या खोलीत वाईट, असं निघालं की प्रश्न हवेतला. तुमच्या बाबतीत तसंच निघेल असा माझा अंदाज आहे.

आता घर मोजायचं. फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने दाखवते. अँड्रॉइडवर सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दाखवणारी फुकट ॲप्स आहेत, 'वाय-फाय अॅनालायझर' असं शोधलं की ढीगभर मिळतात. आयफोनवर ॲपलचंच 'एअरपोर्ट युटिलिटी' घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं वाय-फाय स्कॅनर चालू करा. मॅक असेल तर ऑप्शनची कळ दाबून वरच्या वाय-फायच्या खुणेवर क्लिक केलं की आकडा तिथेच दिसतो. हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. डब्यासमोर उणे ३० ते ४०. मीटिंगला उणे ६७ पर्यंत निर्धास्त राहावं. उणे ७५ ला रडारड सुरू होते, उणे ८० ला आशा सोडावी. या मोजपट्टीची एक गंमत आहे: दर ३ अंकांना शक्ती निम्मी होते, दर १० अंकांना दहावा हिस्सा उरतो. म्हणजे उणे ४० वरून उणे ७० वर आलात की हजारावा भाग शिल्लक, तरी नेट चालतंय! आपण ज्या राउटरला रोज शिव्या घालतो त्याचं हे कौतुक कोणी करत नाही.

आकडा घेत दारापासून मागच्या खोलीपर्यंत सावकाश चालत जा. कुठेतरी तो एकदम दहा-पंधराने कोसळेल. तिथे थांबून आजूबाजूला बघा, गुन्हेगार समोरच उभा असेल. नुसती विटांची भिंत फार नुकसान करत नाही. नुकसान करतं लोखंड आणि पाणी: स्टीलचं कपाट, फ्रिज, भिंतभर आरसा (काचेमागे धातूचा लेप असतो), बाथरूमच्या माळ्यावरची पाण्याची टाकी, सेफ्टी डोअर, हॉलमधलं मोठं फिशटँक. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पॅसेजच्या दोन्ही बाजूंना संडास-बाथरूम असतात आणि त्यापलीकडे बेडरूम. टाइल, नळाचे पाइप, गिझर, वर भरलेली टाकी, हे सगळं ओलांडून सिग्नलला मागे जायचंय. तुमचा डबा तर सुरुवातच चपलांच्या कपाटातून करतोय, जमिनीपासून फूटभर वर, बंद दारामागे. बाजूला डीबीचा, म्हणजे विजेच्या एमसीबींचा, पत्र्याचा डबा आणि मुख्य दाराला लोखंडी सेफ्टी डोअर. निम्मा सिग्नल जिन्यात जात असणार. शेजाऱ्यांच्या पोरांना रेंज उत्तम मिळत असेल.

शिवाय उष्णता. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा ४० च्या घरात जातो. तेव्हा बंद कपाटातला डबा हाताला चटका देतो, मग तो मधूनच अडकतो आणि आपण बंद-चालू करत बसतो. आणि फायबरची केबल कपाटाच्या दारात चिमटत असेल तर तेही पाहा. आत काचेची तार आहे, तिला काटकोनात वाकवलेलं चालत नाही. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला तर दोष फायबरचा असतो, तिथे राउटर बंद-चालू करून काही होत नाही, सरळ नेटवाल्याला फोन करायचा.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा, निदान जवळपास बिनपैशाचा: डबा घराच्या मध्यावर, पॅसेजच्या तोंडाशी, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर आणा. शोभेसाठी टीव्हीच्या मागे लपवू नका, टीव्हीची पाठ म्हणजे मोठा पत्राच. नेटवाला म्हणेल वायर इथवरच येते. त्याला सांगा, लांब पॅच कॉर्ड लावून दे. फायबरची तयार पॅच कॉर्ड दहा-पंधरा मीटरचीही मिळते आणि पांढऱ्या पट्टीतून कडेकडेने नेली तर दिसतही नाही. तो फारच कुरकुरला तर फायबरचा डबा दाराशीच राहू द्या, त्यातून लॅनची वायर काढून पॅसेजमध्ये वेगळा राउटर लावा आणि दाराजवळच्या डब्याचं वाय-फाय बंद करा.

कायमचं खिळे ठोकण्याआधी डबा तात्पुरता स्टुलावर ठेवून मागच्या खोलीत आकडा घ्या. मग वीतभर सरकवून पुन्हा घ्या. हसू नका, वीतभराने खरंच फरक पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची साधारण सहा. भिंतींवरून आपटून आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना जोर देतात आणि दोन-चार बोटांवर एकमेकींना मारून टाकतात. फोन उशीच्या या बाजूला चालतो आणि त्या बाजूला चालत नाही, त्याचं कारण हेच.

हे प्रतिध्वनी सुरुवातीच्या इंजिनिअरांची मोठी डोकेदुखी होती. १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं तेव्हा वेग होता जेमतेम २ एमबीपीएस. वेग वाढवायला गेलं की भिंतीवरून उशिरा पोचलेला जुना शब्द नव्या शब्दावर आदळायचा. यावरचा एक महत्त्वाचा तोडगा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतून आला. जॉन ओसलिव्हन हे मुळात रेडिओ खगोलशास्त्राच्या वाटेने आलेले. अवकाशातून येणारे अस्पष्ट रेडिओ संकेत सोडवण्याचं गणित त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माहिती एका वेगवान प्रवाहात न पाठवता अनेक सावकाश प्रवाहांत वाटून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर पाठवायची रीत बसवली. शब्दच लांबवले की उशिरा आलेला प्रतिध्वनी त्रास देत नाही. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि पुढे त्यावरून मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्याही झाल्या. आता पुणेकरांसाठी खास: आपल्या जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे ना, ती उभारणारे गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात याच सीएसआयआरओमध्ये रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथल्या जुन्या तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ देशातली सुरुवातीची रेडिओ दुर्बीण त्यांतून उभी राहिली. तेव्हा तुमच्या चपलांच्या कपाटातल्या डब्याचं आणि खोडदच्या तबकड्यांचं घराणं एकच आहे म्हणायला हरकत नाही.

असो. डबा हलवला, तरी मागे आकडा उणे ७० च्या पलीकडेच राहिला तर पुढे वाचा.

राउटर दोन नावं दाखवत असेल, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. २.४ चा सावकाश, पण लांब जातो. आपल्या बिल्डिंगमध्ये मात्र २.४ ची अवस्था रविवारी संध्याकाळच्या लक्ष्मी रोडसारखी असते. त्या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत खरे, पण ते एकमेकांवर चढलेले. न भिडणारे तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या वर-खाली-शेजारी मिळून वीस राउटर या तिघांतच कोंबलेले. शिवाय ब्लूटूथही तिथेच आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर. दुपारी एक वाजता मीटिंग तुटत असेल तर कोणी जेवण गरम करतंय का तेवढं बघा. मायक्रोवेव्ह बिघडलाय असं नाही, आठशे वॉटपैकी कणभर गळती ०.१ वॉटच्या राउटरला भारी पडते, एवढंच. ५ च्या पट्ट्याला हा त्रास नाही. त्यामुळे जिथे ५ चा आकडा उणे ६७ च्या आत आहे तिथे डोळे झाकून ५ वापरा. २.४ वर जावंच लागलं तर ॲपमध्ये १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा पाहून राउटरमध्ये तो पक्का करा, आणि चॅनेलची रुंदी २० ठेवा, ४० नको.

घरातले कॅमेरे, स्मार्ट बल्ब, जुने प्रिंटर बहुधा फक्त २.४ च ओळखतात. नवा कॅमेरा काही केल्या जोडला जात नाही असं झालं तर फोन तेवढ्यापुरता २.४ च्या नावावर न्या.

आता सहा अँटेनांचा राउटर. वाय-फाय हे दोन्हीकडचं बोलणं आहे. गच्चीवरून तुम्ही कितीही मोठ्याने हाक मारलीत तरी खालून आजींचा 'ओ' वर ऐकू यायला हवा. राउटर कितीही दणकट आणला तरी फोनची बारकी अँटेना आणि त्याची शक्ती तीच राहते. राउटरच्या शक्तीवर सरकारी मर्यादाही आहे, दुकानातल्या महागड्या डब्यालाही ती लागू आहे. जास्त अँटेनांचा उपयोग अनेक यंत्रं एकाच वेळी चालवताना होतो, थोडं कानही तीक्ष्ण होतात, पण पाण्याची टाकी आणि दोन बाथरूम पार करून देण्याचं वचन खोक्यावरचं चित्र देतं, डबा पाळत नाही. आहेत त्या अँटेना मात्र नीट उभ्या करा. उभी अँटेना आडव्या दिशेने चांगली फेकते, टोकाच्या दिशेने जवळजवळ नाही. एका मजल्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्या उभ्या, डुप्लेक्स असेल तर एखादी आडवी.

बूस्टरबद्दल माझं मत बरं नाही. साधा बूस्टर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग तिथेच निम्म्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे लोक तो लावतात तिथे, जिथे रेंज नाही. मग तो उणे ८० चा सिग्नल ऐकून त्याचीच री ओढतो. फोनवर काड्या भरलेल्या, नेट ठप्प. लावायचाच असेल तर चांगला सिग्नल जिथे संपतो त्याच्या अलीकडे, पॅसेजमध्ये लावा. भाड्याचं घर, मालक भिंतीला हात लावू देत नाही, अशा वेळी तो चालवून घ्यावा.

मेश चांगली वस्तू आहे, पण तिचे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात. मधली भिंत तीच. दोन डब्यांमध्ये वायर टाकलीत तर मेश उत्तम चालते, आणि वायर टाकणार असाल तर मेशच हवी असंही नाही.

माझ्या कामात मी शेवटी वायरीकडेच येतो. मागच्या खोलीपर्यंत एक कॅट ६ प्रतीची लॅनची वायर आणि टोकाला दुसरा डबा. 'भिंती फोडायच्या का?' हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. फोडायच्या नाहीत. तुमच्या बेडरूममध्ये लँडलाइनचा किंवा केबल टीव्हीचा जुना पॉइंट असेल, ज्यावर आता फक्त प्लेट उरली आहे. त्यामागे भिंतीतून हॉलपर्यंत पाइप गेलेला आहे. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधायची आणि दुसऱ्या बाजूने जुनी ओढायची, नवी आपोआप येते. कर्वेनगर, कोथरूड, वारजे या भागांतल्या लँडलाइनच्या काळातल्या बिल्डिंगांत ही युक्ती बऱ्याचदा जमते. विजेच्या वायरी ज्या पाइपात आहेत त्यात मात्र लॅनची वायर घालू नका, वायरमन 'काही होत नाही' म्हणाला तरी. पाइप बुजलेला निघाला तर छताच्या कडेने पट्टी, नाहीतर बाल्कनीच्या बाजूने बाहेरून. बाहेरून नेताना काळ्या जाड आवरणाची, उन्हासाठी बनवलेली वायर घ्या. साधी राखाडी वायर उन्हात कडक होऊन तडकते.

वायर घेताना एक खबरदारी. बाजारात 'सीसीए' नावाची स्वस्त वायर असते, तिच्या तारा ॲल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा. त्या क्रिंपिंगमध्ये पटकन तुटतात. शुद्ध तांब्याची मागा आणि शंका आली तर दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर तिथेच परत द्या.

दुसरा डबा नवा घ्यायचीही बहुतेक गरज नाही. माळ्यावर जुना राउटर असेलच, आपण काही टाकत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर हाताने करता येतं: आधी त्याचा स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) मुख्य राउटरहून वेगळा करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि येणारी वायर 'वॅन' लिहिलेल्या भोकात न घालता लॅनच्या भोकात घाला. डीएचसीपी म्हणजे घरातल्या यंत्रांना नंबर वाटण्याचं काम, ते एकाच डब्याने करायचं. दोघं वाटायला लागले की कोणाचा फोन चालतो, कोणाचा नाही, असा खेळ सुरू होतो. नाव आणि पासवर्ड दोन्ही डब्यांवर तेच ठेवा, चॅनेल वेगळे ठेवा. मग फोन आपसूक जवळचा डबा धरतो. लगेच धरेलच असं नाही. डबा कधी बदलायचा ते फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन तर आहे तो सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायलाच लागत नाही. सासूबाईंचा फोन हॉलमधल्या डब्याला चिकटून बसला असेल तर वाय-फाय एकदा बंद-चालू केलं की काम होतं. मुलाचा लॅपटॉप मात्र त्या दुसऱ्या डब्याला वायरनेच जोडा. मीटिंगमध्ये चित्र थिजण्यावर याहून खात्रीचा इलाज मला माहीत नाही. फार जुना राउटर असेल, ५ चा पट्टा नसलेला, तर तो माळ्यावरच बरा, त्याऐवजी साधा दोन पट्ट्यांचा नवा घ्या.

हे वाचणाऱ्या बाणेर-वाकड-हिंजवडीकरांसाठी वेगळं सांगायला हवं. तिकडच्या बऱ्याच टॉवरांत मायवान पद्धतीचं बांधकाम आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. तिथे आतली खोल्यांमधली भिंतसुद्धा विटांची नसते, सळया घातलेल्या काँक्रीटची असते. त्यामुळे लहानशा दोन बेडरूमच्या घरातही ५ चा पट्टा एका भिंतीनंतर गळपटतो, आणि भिंत फोडून वायर टाकायची सोयही नाही. ताबा घेतल्या दिवशी प्रत्येक खोलीतल्या लॅन पॉइंटची वायर डीबीपाशी कुठे येते ते बिल्डरच्या माणसाकडून विचारून घ्या. बऱ्याच घरांत वायर टाकलेली असते आणि टोकं जोडायची राहिलेली असतात. अशा घरांत मोबाइलची रेंजही मरते. त्यावर फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' नावाचं बटण आहे, २०१९-२० पासून एअरटेल आणि जिओ दोघांनीही ते सुरू केलंय. ते चालू केलं की कॉल घरच्या वाय-फायवरून जातो. खिडकीत लटकून बोलायचं थांबतं.

वाड्यांत उलटी गंमत. दोन फुटांच्या दगडी-विटांच्या भिंतीतून काही जात नाही, पण लाकडी तक्तपोशीतून सगळं जातं. तिथे मी डबा भिंतीपलीकडे पोचवायच्या भानगडीत पडत नाही, खालच्या खोलीसाठी वरच्या खोलीत लावतो.

सासूबाई लहरींच्या भीतीने राउटर रात्री बंद करायला सांगतात, असंही ताईंनी लिहिलंय. राउटरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडू शकत नाहीत, आणि शक्ती दहाव्या हिश्शाच्या वॉटएवढी, तीही अंतराबरोबर झपाट्याने घटणारी. बंद केल्याने नुकसान काही नाही. दाराचा कॅमेरा असेल तर तो आंधळा होतो. सासूबाईंशी यावरून वाद घालू नये.

राहिला गुरुवार. आपल्याकडे महावितरणची दुरुस्तीची कामं गुरुवारीच निघतात, हे आता अंगवळणी पडलंय. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा पॉइंट इन्व्हर्टरवर आहे का ते आधी बघा. दाराजवळचा पॉइंट बहुधा नसतो, आणि डबा पॅसेजमध्ये आणण्याचं ते आणखी एक कारण. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस मिळतो. फायबरचा डबा आणि राउटर मिळून साधारण दहा-पंधरा वॉट खातात. ८,००० एमएएचचा यूपीएस म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ३० वॉट-तास, त्यातून दहा वॉटचा एक डबा अडीच तास चालेल, दोन डबे असतील तर त्याच्या निम्मं-पाऊण धरा. दिवसभराची लाइट जाणार असेल तर तो पुरणार नाही. पण हे घेण्याआधी नेटवाल्याला एक गोष्ट विचारा: आमच्या बिल्डिंगमध्ये तुझं विजेवर चालणारं काही आहे का? नुसता फायबरचा स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक तारांत वाटणारा) असेल तर त्याला वीज लागत नाही, तुमचा डबा चालू म्हणजे नेट चालू. पण गच्चीत किंवा मीटरच्या खोलीत त्याचा नेटवर्क स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारा डबा, बसवलेला असेल तर बिल्डिंगची लाइट गेली की तो मरतो, आणि घरात कितीही मोठा यूपीएस ठेवला तरी डब्याचे दिवे तेवढे लुकलुकत राहतील. स्विच असेल तर त्यालाच बॅटरी लावायला सोसायटीने नेटवाल्याच्या मागे लागावं. नसेल, तर खुशाल यूपीएस घ्या, फक्त दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या: एक १२ चा आणि दुसरा ९ चा निघाला, तर दोन्ही व्होल्टची वेगवेगळी भोकं असलेलाच यूपीएस लागेल, आणि १२ ची पिन ९ च्या डब्यात चुकूनही घालायची नाही.